दवंडीवाल्याच्या खोलीतली यादी

१

बिद्रीच्या अलीकडच्या एका लहान गावात, एसटी थांब्याच्या भिंतीवर, जानेवारी २००८ मधल्या एका सोमवारी सकाळी तीन कागद चिकटवलेले सापडले. झेरॉक्स होत्या. एकशे बारा नावं, नावापुढं वय आणि गाव, शेवटच्या रकान्यात सगळीकडं ‘रिॲक्टिव्ह’. माथ्यावर कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीचं नाव आणि खाली ‘एचआयव्ही चाचणी’. रिॲक्टिव्ह म्हणजे काय ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण माथ्यावरची ओळ सगळ्यांना कळली.

त्रेसष्टाव्या ओळीत त्याच गावचा सम्राट होता. वय चोवीस, ट्रॅक्टर दुरुस्तीचं छोटं गॅरेज. दुपारपर्यंत गॅरेजसमोरचे तिन्ही ट्रॅक्टर मालकांनी ओढून नेले. चौथ्या दिवशी सम्राट विहिरीत सापडला.

रक्तपेढीनं घाईघाईनं तीन जणांची चौकशी समिती नेमली. संगणकातली जाणकार म्हणून अक्षता नेजदारला बोलावलं. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. रक्तपेढीचा संगणक सांभाळणारा प्रसेनजीत कुरणे तिचाच विद्यार्थी होता.

अक्षतानं पाहिलं ते असं. प्रयोगशाळेतली यंत्रं आणि प्रिंटर यांनी एकमेकांना आपोआप शोधावं म्हणून प्रसेनजीतनं मुख्य संगणकावर एक प्रोग्राम चालू ठेवला होता. तो दिवसभर संगणकांच्या जाळ्यात हाळी देतो : मी इथं आहे, तुम्ही कोण कोण आहात. अशा पडद्यामागच्या प्रोग्रामला डिमन म्हणतात. प्रसेनजीत त्याला दवंडीवाला म्हणायचा. आणि चोरीला गेलेल्या यादीची प्रत सापडली ती नेमकी ह्या दवंडीवाल्याच्या फोल्डरमध्ये.

अर्थ उघड दिसत होता. बाहेरच्या कुणीतरी दवंडीवाल्याला वश केलं, त्याच्याकरवी कुलपातली यादी उचलली आणि प्रत त्याच्याच खोलीत राहून गेली.

दवंडीवाल्याला जखडून ठेवणारे सक्तीचे नियम प्रसेनजीतनं लिहिले होते. गावभर ओरड, पण कुणाच्या माजघरात पाऊल टाकायचं नाही. टाकलंस तर दार बंद आणि नोंदवहीत तशी नोंद. ते नियम साक्षात मालकाच्या, म्हणजे संगणकावर सगळे अधिकार असलेल्याच्या, हुकमानंही वाकत नाहीत. अक्षतानं नोंदवही चाळली. दवंडीवाल्याला अडवल्याची एकही नोंद नव्हती. तिनं अहवालात लिहिलं, ‘ज्याअर्थी अडवल्याची नोंद नाही, त्याअर्थी नियम बंद ठेवलेले होते. ही जबाबदारी श्री. कुरणे यांची.’

समितीसमोर प्रसेनजीत फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, “मॅडम, डिस्क नीट बघा.”

तिनं मान हलवली. तिला चार वाजता लेक्चर होतं. तिनं सही केली.

पोलिसांनी बाहेरच्या अज्ञात इसमावर गुन्हा नोंदवून फाइल बाजूला ठेवली. प्रसेनजीतचं नाव मात्र फोटोसकट पेपरात आलं. त्याची नोकरी गेली, ठरलेलं लग्न गेलं. शिरोळ तालुक्यातल्या त्याच्या गावी लोक त्याला त्या पोराचा जीव घेणारा म्हणून ओळखू लागले.

२

ऑक्टोबर उजाडला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना हेच सक्तीचे नियम शिकवायचे होते, आणि अक्षताला खऱ्या वापरातला नमुना हवा होता. चौकशीच्या वेळी काढलेली डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्या कपाटात पडून होती. नियम चांगले लिहिलेत पोरानं, एवढं तिला आठवत होतं.

सकाळी कॉलेजची प्रयोगशाळा रिकामी होती. तिनं मुलांसाठी एक एक आज्ञा चालवून बघितली. फायलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा तिनं जानेवारीतही चालवली होती. तिला एक जादा अक्षर जोडलं की प्रत्येक फायलीवरचा शिक्काही दिसतो. जानेवारीत तिनं ते अक्षर जोडलं नव्हतं.

ह्या नियमांच्या राज्यात प्रत्येक फायलीवर शिक्का असतो. कुणी बनवली आणि कुठल्या खोलीत, म्हणजे फोल्डरमध्ये, बनवली, दोन्ही त्यात येतं. प्रत काढून दुसऱ्या खोलीत ठेवली तर नव्या खोलीचा शिक्का बसतो. पण फाइलच उचलून तिकडं नेली तर जुना शिक्का तसाच राहतो. माणसानं वेष बदलून मालकाचे अधिकार घेतले तरी शिक्क्यात त्याची मूळची ओळखच उमटते.

दवंडीवाल्याच्या फोल्डरमधल्या यादीवर दवंडीवाल्याचा शिक्का नव्हता. खोली होती ती एका माणसाच्या खासगी फोल्डरची. बनवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं : प्रयोगशाळा.

प्रसेनजीतनं संगणकात शिरायला तीन ओळखी केल्या होत्या. एक स्वतःची, एक ऑफिसची, एक प्रयोगशाळेची. म्हणजे प्रयोगशाळेच्या माणसानं आपल्या नावानं आत येऊन मालकाचा पासवर्ड वापरला, यादीची प्रत स्वतःच्या फोल्डरात काढली आणि पुढं कधीतरी ती उचलून दवंडीवाल्याच्या खोलीत नेऊन टाकली.

तिनं नोंदवही पुन्हा उघडली. नियम बंद केले तर त्याचीसुद्धा नोंद होते. तशीही नोंद नव्हती. नियम चालू होते. दवंडीवाल्याला कुणी अडवलं नव्हतं, कारण तो त्या दाराकडं कधी गेलाच नव्हता.

मुलं आली, बाकांवर बसली, वह्या उघडल्या. ती म्हणाली, “आज तास होणार नाही.”

प्रत बनल्याची वेळ फायलीवर होती. मंगळवार, १८ डिसेंबर २००७, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. आणि प्रयोगशाळेची ओळख दोघांनाच दिलेली होती : तंत्रज्ञ आकाराम वरुटे आणि निकाल बघावे लागत म्हणून समुपदेशक प्रीती खटावकर.

३

हंबीरराव इंगवले हे रक्तपेढीचे चिटणीस. समितीचे अध्यक्ष तेच होते. अक्षताचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी चष्म्याची काच दोनदा पुसली.

“म्हणजे चोर घरातलाच, असं तुम्ही आता म्हणताय,” ते म्हणाले.

“हो.”

“नऊ महिन्यांनी.”

“माझी चूक झाली. मी तसं लिहून देते.”

“तुम्ही लिहून द्याल, बाई. मी ते घेणार नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “बाहेरच्यानं चोरी केली म्हटल्यावर लोकांनी आम्हाला माफ केलं. आतल्या माणसानं केली म्हटलं तर उद्यापासून शिबिराला कोण हात पुढं करेल? कालच सीपीआर दवाखान्यातनं बाळंतिणीसाठी तीन पिशव्या मागितल्या. आमच्याकडं एकच होती.”

“आणि कुरणे?”

“कुरणेचं वाईट झालं,” हंबीरराव म्हणाले आणि बेल वाजवली.

जिन्यात शालूबाई फरशी पुसत होती. रक्तपेढी उघडली तेव्हापासून ती तिथं झाडलोट करायची. अक्षता पायरीवरच बसली, तशी तिनं फडकं बादलीत टाकलं.

“कुरणे सायबासाठनं आलासा व्हय?”

“कशावरनं म्हणता?”

“तुमच्या तोंडावरनं. दुसरं कोण येतंय त्याच्यासाठनं.”

अक्षतानं तिला डिसेंबरातल्या त्या मंगळवारचं विचारलं. एवढ्या जुन्या दिवसाचं काय आठवणार, असं तिला वाटत होतं. पण शालूबाईला आठवत होतं, कारण त्या दिवशी कुरुंदवाडला मोठं शिबीर होतं आणि सगळी माणसं गाडीतनं तिकडं गेली होती.

“प्रीतीताईबी गेल्त्या. हितं वर आकाराम सायेब एकलंच हुतं. डबा उघडलाच न्हाय त्येंनी. मी म्हटलं जेवा की, तर कुरणे सायबाच्या खुर्चीत बसल्यालं, माझ्याकडं बघितलंबी न्हाय.”

“प्रसेनजीत कुठं होता?”

“त्याचा बा दवाखान्यात न्हवता का? चार दिस रजा हुती. जाताना ह्याच जिन्यात आकाराम सायबाच्या तळहातावर पेनानं कायतरी लिवून दिलं त्यानं. म्हणाला, काका, फ्रिजचा अलारम वाजला तर हे घाला.”

अक्षतानं डोळे मिटले. प्रसेनजीतनं पासवर्ड कुणाला दिला होता ते तिला कळलं होतं, आणि ते कळायला नको होतं असं तिला त्याच क्षणी वाटलं.

४

आकाराम वरुटे रक्तपेढीचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. माणूस इतका सरळ की त्यांच्या नावानं कुणी वाकडा शब्द काढलेला अक्षतानं ऐकला नव्हता. प्रसेनजीतला नोकरी लागली तेव्हा तो दोन महिने खोली शोधत फिरला होता. आडनावावरनं आणि घरातल्या भिंतीवरच्या फोटोवरनं जात कळली की घरमालकांना अचानक पुतण्या यायचा असे. वरुट्यांनी आपल्या घराची माडी त्याला दिली आणि रात्रीचं जेवण खाली आमच्यातच, असं बजावलं. तो त्यांना काका म्हणायचा.

म्हणून अक्षता आधी ती ओळख असलेल्या दुसऱ्या माणसाकडं गेली. खरं तर, शालूबाईचं ऐकूनही, तिला तो गुन्हा प्रीती खटावकरनं केलेला हवा होता.

प्रीती रक्तपेढीत समुपदेशक होती. ज्यांच्या रक्तात दोष निघतो त्यांना बोलावून समजावून सांगायचं, पुढच्या उपचाराची वाट दाखवायची, हे तिचं काम. तिनं अक्षताला खोलीत घेतलं आणि दार लावलं.

“मी नाही घेतली यादी,” ती म्हणाली. “मला चोरायची गरजच नव्हती. पण माझ्याकडं जी यादी येते ती वेगळी. पहिल्या चाचणीत दोष दिसला की ‘रिॲक्टिव्ह’ लिहून पिशवी बाजूला काढतात. मग दुसरी चाचणी, मग तिसरी. त्यातनं जी नावं पक्की होतात तेवढीच माझ्याकडं येतात. त्या वेळी एकाहत्तर होती. थांब्यावर लागली ती एकशे बारांची.”

“म्हणजे एक्केचाळीस माणसं…”

“निरोगी.” प्रीतीनं टेबलावरची पेन्सिल सरळ केली. “सम्राट त्यातलाच. त्याच्या दुसऱ्या चाचणीचा निकाल बुधवारी आला, यादी लागली त्याच्या दोन दिवसांनी. मी पत्र लिहून पोस्टात टाकलं. ते घरी पोचलं तेव्हा तो नव्हता.”



“यादी थांब्यावर लागायच्या आधीच फुटल्याचं कुणाकडनं कानावर आलं होतं का?” अक्षतानं विचारलं.

“नाही. पण सम्राटची आई नंतर आली होती. बायडाबाई. ते पत्र घेऊन आली, वाचून दाखवा म्हणाली. तिनं एक गोष्ट सांगितली, ती मला अजून टोचते. तिच्या पोराचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटायची होती. मुलीकडच्यांनी काही न सांगता नकार कळवला. कधी, माहिती आहे? डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. यादी लागायच्या तीन आठवडे आधी.”

५

बायडाबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. गॅरेजच्या पत्र्याखाली आता शेण्या रचल्या होत्या. अक्षतानं रक्तपेढीचं नाव घेतलं तशी ती म्हणाली, “आता काय ऱ्हायलंय न्ह्यायला?”

“काही न्यायला आले नाही. विचारायला आले. सम्राटला मुलगी कुठली बघितली होती?”

“कशाला?”

“यादी कुणी बाहेर काढली ते मला शोधायचंय.”

बायडाबाईनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “त्यो कुरणे का कोण, त्यानं काढली न्हवं? पेपरात आल्तं की.”

“त्यानं नाही काढली. पेपरात आलं ते माझ्यामुळं आलं. मी चुकीचं लिहिलं होतं.”

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर अक्षताला बरं वाटलं असतं.

“पोरगी कोल्लापुरातली,” बायडाबाई म्हणाली. “चांगली हुती. तेजस्वी म्हणून. पिराजीनं आणलं हुतं स्थळ, पोरीच्या मामानं. सगळं ठरलं आन् एक दिस म्हणं न्हाय जमत. का, ते सांगंनात. मग आमच्यातली माणसं चिडली. आमच्या दिरानं चार ठिकाणी सांगितलं की पोरीतच कायतरी खोट आसंल, म्हणूनच बाप भ्यालाय. बोलू ने ते बोलला. ते पिराजीच्या कानावर गेलं आसंल.”

“आणि मग?”

“मग आठ दिसात कागूद लागला.”

तिनं सूप पाखडलं. टरफलं उडून अक्षताच्या साडीवर आली.

“मुलीच्या वडिलांचं नाव काय?” उत्तराचा अंदाज असूनही अक्षतानं विचारलं.

“आकाराम वरुटे. रक्ताच्याच दवाखान्यात हाय की त्यो. आमी म्हटलं, माणूस बरा हाय, पोराचं कल्याण हुईल.”

६

वरुट्यांनी तिला दारातच ओळखलं. “या,” म्हणाले. चहा टाकायला कुणी नव्हतं. बायको लेकीच्या सासरी गेली होती. तेजस्वीचं लग्न मे महिन्यात साताऱ्याला झालं होतं. माडीच्या जिन्याला कुलूप होतं.

अक्षतानं डिस्कचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, वेळेचं सांगितलं. जिन्यातल्या तळहाताचं सांगितलं तेव्हा वरुट्यांनी आपला उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला.

“खोटं बोलणार न्हाय मी,” ते म्हणाले. “कुणी विचारलं असतं तर पयल्या दिवशीच सांगितलं असतं. कुणी विचारलंच न्हाय. तुमचा अहवाल आला.”

“सम्राटचं नाव तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं न्हवतं. चाचणी मीच करतो, पण माझ्यासमोर पिशवीचा नंबर असतोय, नाव न्हाय. नावं त्या एकाच फायलीत. पोरानं गावच्या शिबिरात रक्त दिल्यालं ते मला म्हाईत हुतं. त्या शिबिरातली एक पिशवी पयल्या चाचणीत आली. साठ पिशव्यांतली एक. मनात किडा शिरला.” ते थांबले. “पयली चाचणी पक्की नसती, हे मी तीस वर्षं नव्या पोरांना शिकवतोय. पण लेक माझी हुती. नुसती शंका पुरली मला.”

“यादी छापली कशाला?”

“मेव्हण्याला पटवायला. पिराजी स्थळ मोडू देईना, शब्द दिलाय म्हणायला लागला. त्याला नुसतं नाव दाखवायचं हुतं. कागद त्याच्याकडंच ऱ्हायला. मी मागितला, तर फाडला म्हणाला. पुढं त्यांच्यातल्या माणसानं पोरीच्या नावाला बट्टा लावला, तवा ह्यानं झेरॉक्स काढल्या.”

“आणि फाइल दवंडीवाल्याच्या फोल्डरमध्ये?”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

“प्रसेन जेवताना सांगायचा,” वरुटे अखेर म्हणाले. “काका, बाहेरनं कोण शिरलाच तर ह्या दवंडीवाल्याच्या अंगात शिरंल, म्हणून त्याला बांधून टाकलाय. मला वाटलं, बाहेरच्या कुणावर तरी जाईल. नाव न्हाय, गाव न्हाय, असा कुणीतरी. पोरावर जाईल असं डोक्यात आलं न्हाय. कसं आलं न्हाय, ते देवाला ठाऊक.”

“त्याला बांधलं होतं, काका,” अक्षता म्हणाली. “आपल्या माणसांना मोकळं सोडलं होतं. विश्वासानं.”

त्यांनी मान हलवली. मग उठून खुंटीवरची टोपी घेतली. “चला. पोलिसात चला. मी सांगतो सगळं.”

अक्षतालाही तेच हवं होतं. तरी चौकीच्या आधी तिनं प्रीतीला फोन लावला. का लावला, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कदाचित कुणीतरी शाबास म्हणावं म्हणून.

प्रीतीनं सगळं ऐकलं.

“खटला उभा राहील,” ती म्हणाली. “मग पुरावा म्हणून यादी लागेल, एक एक नाव वाचलं जाईल. ते नंतरचं. आधी पेपरात बातमी येईल. झेरॉक्स अजून किती घरांत आहेत, मॅडम? बातमी आली की लोक त्या परत काढतील. थांब्यावर यादी लागली ती चार-पाच गावांतच पोचली. बाकीच्या गावांत पोचली नाही, म्हणून यादीतली तिथली माणसं अजून त्यांच्या घरात आहेत. माझ्याकडं एक बाई येते, नवऱ्याकडनं आजार आला, नवरा गेला. तिला दोन पोरी आहेत. दिराला कळलं तर ती उद्या रस्त्यावर. अशा किती जणींची नावं सांगू तुम्हाला?”

“आणि प्रसेनजीत?”

“मला माहीत नाही,” प्रीती म्हणाली. “मला खरंच माहीत नाही. तुम्ही त्यालाच विचारा.”

वरुटे टोपी घालून दारात उभे होते. अक्षता त्यांना म्हणाली, “आज नको.”

७

शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात प्रसेनजीत मोटर वायंडिंगच्या दुकानात काम करायचा. पुराच्या पाण्यात जळालेल्या पंपाच्या मोटरी आणून टाकलेल्या होत्या. तो तांब्याची तार गुंडाळत होता. अक्षताला बघून त्यानं हातातला वेढा पुरा केला, मग उठला.

ती बोलत होती तोवर त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नाही.

“तुला ठाऊक होतं,” ती शेवटी म्हणाली. “पासवर्ड कुणाला दिलास ते.”

“शंका होती. शिक्का बघितला की कळलं असतं, पण मला त्या दिवसापासनं संगणकाला हात लावू दिला न्हाय.” तो तारेचं टोक बोटावर गुंडाळत सोडत होता. “काकांचं नाव माझ्या तोंडनं निघेना, मॅडम. त्यांच्यात दोन वर्षं जेवलोय. मी म्हटलं, मी कशाला सांगायला पाहिजे. नेजदार मॅडम आहेत समितीत. त्या बघतीलच. ते जादा अक्षर तुम्हीच शिकवलं होतं.”

अक्षताला वाटलं होतं की माफी मागायची कशी, ते येताना बसमध्ये ठरवून झालंय. त्यातलं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

तिनं त्याला बाकीचं सांगितलं. वरुटे कबूल व्हायला तयार आहेत. तिनं नवा अहवाल लिहिला आहे, तो पर्समध्ये आहे. आणि मग प्रीती काय म्हणाली ते.

“तू सांगशील ते करते,” ती म्हणाली. “उद्या पेपरात दे म्हणालास तर उद्या देते.”

त्यानं अहवाल वाचला. सगळा वाचला, शेवटच्या पानावरच्या सहीसकट. मग घडी घालून परत दिला.

“सम्राटला धरून एकशे बारा,” तो म्हणाला. “म्हणजे एकशे अकरा उरले. ती फाइल कुणाला दिसू नये म्हणून मी नियम लिहायला पाच महिने घालवले, मॅडम. आता मीच ती उघडू?”

“मग तुझं काय?”

“माझं काय ते झालंय.” त्यानं खाली बसून तार हातात घेतली. “एक करा. आईला सांगा. तिला एवढंच.”

घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. तानूबाई दाराशी गोधडी शिवत होती. नवरा गेल्यापासून ती बाहेर फारशी पडत नव्हती. त्याचं दुखणं पेपरात बातमी आल्यावर वाढलं आणि मार्चमध्ये तो गेला. तिनं अक्षताला पाट दिला. अक्षतानं संगणक, शिक्के, दवंडीवाला यांतलं काही न सांगता सांगितलं : तुमच्या मुलानं काही चूक केली नाही. चूक दुसऱ्यानं केली. त्याचा दोष तुमच्या मुलावर टाकला, तो मी टाकला.

तानूबाईनं सुई गोधडीत टोचून ठेवली.

“मला ठावं हुतं की,” ती म्हणाली. “पोटचं पोरगं हाय. मला सांगाया येवढ्या लांबनं आलासा? मला नगं. ह्या गल्लीला सांगा. त्याच्या हातचं पाणी नगं म्हणणाऱ्या आमच्याच माणसास्नी सांगा. लगीन मोडलं त्या पोरीच्या बाला सांगा.”

प्रसेनजीत मागोमाग आला होता. तो उंबऱ्यावर बसला आणि आईला हळू आवाजात सगळं समजावू लागला. कसली यादी, तीत कोण कोण, ती पुन्हा बाहेर आली तर त्यांचं काय होईल. तानूबाई मधेच म्हणाली, “बायकाबी हायत्या त्येच्यात?” तो म्हणाला, “हायत. लेकुरवाळ्या.” गोधडीचा एक टाका तिनं उसवला, पुन्हा घातला.

गाडीची वेळ झाली. अक्षता उठली. तिनं वाकून नमस्कार केला. तानूबाईनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

समोरच्या घरातली बाई केव्हापासून दारात उभी राहून बघत होती. अक्षता रस्त्यावर आली तशी तिनं हाक मारून विचारलं, “कोण गं तानूबाई? कुठलं पावणं?”

तानूबाईनं लेकाकडं बघितलं. तो खाली मान घालून बोटांवरचं वार्निश खरवडत होता.

“पोराच्या कॉलेजातल्या बाई हायत्या,” ती म्हणाली. “कशाला न्हाय. सहज आल्त्या.”